चावणारा बूट लहानच असतो असं नाही : मुलांच्या शाळेच्या बुटांची घरच्या घरी तपासणी

दर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दुकानात तीच पिशवी परत येते. आत पंधरा-वीस दिवस वापरलेले काळे बूट, सोबत टाचेला चिकटपट्टी लावलेलं मूल, आणि आईचं नाहीतर आजोबांचं ठरलेलं वाक्य : "लहान होतोय वाटतं, एक नंबर मोठा द्या." सांगलीतलं हे दुकान माझ्या सासऱ्यांनी सुरू केलं आणि मी बावीस वर्षं गल्ल्यापेक्षा स्टुलावर जास्त बसले, मुलांची पावलं हातात घेऊन. त्या अनुभवावरून सांगते, पिशवीतून परत येणारे बरेचसे बूट लहान नसतात. एकतर ते लांबीला मोठे असतात, नाहीतर लांबीला बरोबर आणि रुंदीला कमी असतात. अशा वेळी आणखी एक नंबर वर गेलं की फोड बरा होत नाही, फक्त जागा बदलतो.

नवे बूट घेण्याआधी पुढच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या चारांना पैसे लागत नाहीत.

आधी लक्षणं, म्हणजे नक्की कुठे लागतंय

"कुठे चावतो?" असं विचारलं की सहा-सात वर्षांचं मूल अख्खा बूट दाखवतं. त्यापेक्षा शाळेतून आल्या आल्या मोजे उतरवून पाय बघा. वळ आणि लाली अर्ध्या तासात पुसून जातात, म्हणून चहा-खाऊ नंतर.

टाचेच्या मागे, बुटाच्या वरच्या कडेला फोड असेल तर पाय आत वर-खाली होतोय. बूट सैल आहे, लेस ढिली आहे किंवा मागची कड कडक आहे. हे लक्षण सगळ्यात जास्त दिसतं आणि यालाच सगळे "लहान झाला" म्हणतात.

करंगळीच्या बाहेरच्या अंगाला लाली किंवा घट्टा पडला असेल तर रुंदी कमी आहे.

अंगठ्याचं नख निळं-काळं पडलंय, मोज्याला अंगठ्याशी भोक पडतंय, याची कारणं दोन आणि ती एकमेकांच्या उलट. बूट आखूड असेल, किंवा इतका लांब असेल की प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरून आपटतो. डोळ्यांनी यातलं काहीच ठरत नाही, चौथी तपासणी करावी लागते.

पावलाच्या वर, लेसच्या जागी आडवे वळ : मुलाचं पाऊल वरून उंच आहे आणि लेस तिथेच आवळली जातेय.

बोटांच्या बेचक्यात पांढरी, सोललेली कातडी आणि खाज : या चिखल्या. याचा मापाशी संबंध नाही, ओलीशी आहे.

बुटाकडेही बघा. मागची बाजू तुडवून सपाट झालीय का? टोक खाली घासलंय का? मूल वर्गात बाकाखाली बूट काढून बसतं, जिना उतरताना कठडा धरतं, पी.टी.च्या दिवशीच नेमकं त्याचं पोट दुखतं, हीसुद्धा लक्षणंच.

मूल तक्रार करत नाही म्हणून बूट बरोबर आहे, असं मात्र समजू नका. लहान मुलांच्या पावलातली हाडं अजून पुरती कडक झालेली नसतात, बराच भाग मऊ कूर्चेचा असतो. त्यामुळे पाऊल आवळलं गेलं तरी मोठ्या माणसाइतकं दुखत नाही, ते निमूटपणे बुटाचा आकार घेतं. म्हणून जी मुलं काही बोलत नाहीत त्यांचे पाय मी जास्त वेळ बघते.

१. हात आत घाला, मग पायमोजा आणि नखं

बुटात हात घालून बोटं टोकापर्यंत न्या. खोक्यातला कागदाचा बोळा टोकाशी तसाच राहिलेला असतो. हे मी इतक्या वेळा काढलंय की आता पिशवी उघडली की आधी तेच बघते. आतला सोल पुढे दुमडलेला असतो, कधी खडा असतो, कधी टाचेत खिळ्याचं टोक वर आलेलं असतं. खिळा लागला तर तो बूट त्या दिवसापासून बंद, दुरुस्ती होईपर्यंत घालायचा नाही.

मग पायमोजा बघा. गेल्या वर्षीचा आखूड झालेला मोजा ताणून घातला की तो बोटं मागे ओढून धरतो आणि खापर बुटावर फुटतं. नायलॉनच्या मोज्यात घाम मुरत नाही, ओली कातडी मऊ पडते आणि तिला फोड लवकर येतो. बोटांवर जाड शिवण येत असेल तर दोन दिवस मोजा उलटा घालून पाठवा. लाली गेली तर दोष शिवणीचा होता. मोज्यांची एक चांगली सुती जोडी बुटांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

नखं सरळ कापा, कोपरे गोल कोरू नका. कोरलेला कोपरा वाढताना मांसात शिरतो आणि मग कुठलाही बूट चावतो.

२. लेस आणि पट्टा

बरीच मुलं लेस जूनमध्ये एकदा बांधतात, मग वर्षभर बूट चपलेसारखा सरकवतात. पाय मागच्या कप्प्यात टेकवून धरायचं काम लेस करते. ती ढिली असली की बरोबर मापाचा बूटसुद्धा मोठ्या बुटासारखा वागतो : टाच उचलते, घासते, फोड येतो.

बांधायची रीत अशी. पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे पाऊल मागे बसतं. मग पायाची बोटं जरा वर उचलून धरायची आणि खालच्या भोकापासून वरपर्यंत लेस ओढत आणायची. फक्त वरची गाठ करकचून उपयोग नाही. वर आडवे वळ पडत असतील तर त्या जागची भोकांची एक जोडी सोडून लेस सरळ वर न्या.

चिकटपट्ट्याच्या बुटात पट्ट्यात धागे आणि केस भरले की तो धरत नाही. जुन्या दातघासणीने साफ करा.

असं बांधून दोन दिवस शाळेत पाठवा. टाचेच्या फोडाची निम्मी प्रकरणं माझ्याकडे इथेच मिटतात आणि पालक बूट न बदलता परत जातात.

३. पावसात भिजलेला बूट

जूनमध्ये बसणारा बूट जुलैत का चावायला लागतो? कारण तो मधे चार वेळा भिजलेला असतो. चामडं भिजून झटपट वाळलं की आक्रसतं आणि कडक होतं, मागची कड सुरीसारखी होते. घाईत बूट गॅसशेजारी किंवा फ्रीजच्या मागे ठेवले जातात, त्याने चामडं तडकतं आणि तळाचा डिंकही सुटतो.

लेस सोडा, आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. बूट चामड्याचा असेल तर वाळल्यावर मागच्या कडेला आतून-बाहेरून खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि कड हाताने मळून मऊ करा. रेग्झिनला तेलाचा उपयोग नाही, ते आत मुरतच नाही. आमच्याकडच्या पावसात जमत असेल तर मुलाला शाळेच्या परवानगीने प्लॅस्टिकच्या सँडलवर पाठवावं आणि बूट कोरड्या दिवसांसाठी ठेवावेत. चिखल्या असतील तर हे करायलाच हवं. बेचके पुसून कोरडे केल्याशिवाय मोजा घालू नका.

४. लांबी : पत्रिकेच्या कागदाची पट्टी

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बुटावरून अंगठा दाबून बघायची आपल्याकडे सवय आहे. पण वरून दाब आला की मूल आपोआप बोटं आत वळवतं आणि जागा आहे असं वाटतं. शाळेच्या बुटाचं टोक कडक असतं, तिथे तर काहीच कळत नाही. म्हणून मी पट्टी वापरते.

संध्याकाळी करा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, मुलाला मोजे घालून त्यावर उभं करा, टाच भिंतीला टेकलेली आणि भार दोन्ही पायांवर. बसलेल्या मुलाचं माप धरू नका, भार आला की पाऊल लांबतं. सगळ्यात पुढच्या बोटापाशी खूण करा. काही मुलांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त पुढे असतं, मग तेच धरायचं. दोन्ही पाय मोजा, जवळजवळ प्रत्येकाचा एक पाय किंचित मोठा असतो आणि माप मोठ्या पायाचं.

आता जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. लांबी पावलाइतकी, अधिक १२ मिलिमीटर. ती बुटात टोकाला भिडेपर्यंत सरकवा. मागे टाचेशी पट्टी वाकली, आत मावलीच नाही, तर बूट आखूड आहे. मावून मागे-पुढे ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर बूट मोठा आहे. आतला सोल निघत असेल तर मुलाला त्याच्यावरही उभं करून बघा, लांबी आणि रुंदी दोन्ही एका नजरेत दिसतात.

१२ मिलिमीटर का, तर चालताना प्रत्येक पावलाला पाय थोडा लांबतो आणि पुढे सरकतो. त्याला जागा हवी. शिवाय वाढ असते. शाळकरी मुलाचं पाऊल महिन्याला साधारण १ मिलिमीटर वाढतं, तीन वर्षांच्या आतल्या मुलाचं त्याहून वेगाने. जूनमध्ये ठेवलेले १२ दिवाळीपर्यंत ७ वर येतात. ५ च्या खाली गेले की बूट बदलायला झाला. म्हणजे लहान वर्गातल्या मुलाला एक जोड पूर्ण वर्ष पुरेलच असं नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

गेल्या वर्षी तासगावहून एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. "दोन नंबर मोठाच दे बाई, पोरगं वाढायला लागलंय, पुढच्या वर्षाला बी चालंल." मी त्यांच्यासमोर पट्टी कापली. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराला साधारण साडेआठ मिलिमीटर लांबी वाढते, दोन नंबरांना १७. त्यात आधीचे १२. अंगठ्यापुढे जवळजवळ तीन सेंटिमीटर मोकळे. पट्टीचा तेवढा तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पोराच्या अंगठ्यापुढे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मग ह्यात पोरगं पळंल कसं?" बरोबर मापाचा जोड घेऊन गेल्या.

वाढत्या अंगाचा सदरा चालतो, बाह्या दुमडता येतात. बुटाला दुमडायला जागा नाही. पाय पुढे आपटतो, टाच मागे घासते, बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आवळून चालतं आणि ठेचकाळतं. टोकात कापूस भरून हे सुटत नाही, कारण बूट जिथे वाकायला बनवलाय ती जागा चवड्याखाली येतच नाही. पैशांची ओढ मला समजते, आमची गिऱ्हाइकं त्यातलीच आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्याच पैशात भारी बूट दोन नंबर मोठा घेण्यापेक्षा साधा बूट मापाचा घ्या आणि दिवाळीनंतर पट्टी लावून बघा. राखून घ्यायचाच तर अर्धा नंबर, फार तर एक, तोही लेसचा किंवा पट्ट्याचा बूट असेल तर, आणि आत जादा सोल घालून. पाय वाढला की तो काढायचा.

नंबरावर विसंबू नका. मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे "याला १ लागतो" म्हणून मागवलेला बूट तान्ह्या बाळाचाही येऊ शकतो. युरोपी नंबर वेगळा, तिथे एका नंबराचा फरक साधारण पावणेसात मिलिमीटर. आणि नंबर हा बूट ज्या साच्यावर चढवतात त्याचा असतो, पावलाचा नव्हे. साचा कंपनीगणिक बदलतो. घरबसल्या मागवत असाल तर नंबराऐवजी पावलाचे मिलिमीटर लिहून ठेवा.

५. रुंदी

पट्टी बरोबर बसतेय, तरी करंगळी लाल होतेय? कोऱ्या कागदावर उभ्या पावलाभोवती पेन्सिल सरळ धरून रेघ मारा आणि त्या आकृतीवर बूट ठेवा. रेघ बुटाच्या तळाबाहेर दोन्ही बाजूंनी डोकावत असेल तर तो बूट त्या पायासाठी नाही.

आपल्याकडे हे फार होतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा ती युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद निघाली. त्यावरूनच 'भा' ही भारतीय मापपद्धत सुचवली गेली. दुकानात मात्र अजून जुनेच नंबर चालतात, आणि एका नंबराला एकच रुंदी. मग रुंद पावलाच्या मुलाला लांबी वाढवून रुंदी मिळवून दिली जाते. करंगळी सुटते आणि टाच सापडते.

यावर उपाय नंबर वाढवण्याचा नाही, आकार बदलण्याचा आहे. निमुळत्या टोकाऐवजी पसरट, गोल टोकाचा बूट त्याच नंबरात मागा. मुलींच्या शाळेच्या बुटांत तर जास्त बघा, एका पट्ट्याचे ते बूट पुढून बऱ्याचदा अरुंद आणि उथळ असतात. काळा रंग आणि बंद बूट एवढीच शाळेची अट असेल तर मुलीला मुलांच्या कप्प्यातला रुंद बूट घ्यायला हरकत नाही. मी तो कप्पा मुद्दाम दाखवते.

६. बूट स्वतः कसा आहे

दोन्ही हातांनी वाकवा. चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. मागचा कप्पा अंगठ्याने दाबा, तो उभा राहिला पाहिजे, पण त्याची वरची कड मऊ हवी. भावंडाचा जुना बूट असेल तर तळ बघा. झीज एका बाजूला कललेली असेल किंवा मागचा कप्पा मोडलेला असेल तर तो दुसऱ्या पायाला घालू नका, त्यात पहिल्या पायाचा साचा बसलेला आहे.

पी.टी.च्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनाही हेच सगळं लागू.

७. थोडे पैसे घालून

बूट जरासाच सैल असेल तर जादा सोल घाला, टाचेला आतून मऊ पट्टी चिकटवा. चामड्याचा बूट करंगळीपाशी किंचित आवळत असेल तर दुरुस्तीवाले काका साच्यावर चढवून ती जागा ताणून देतात, पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. रेग्झिन ताणत नाही, ताणलं तर चिरतं. आणि आखूड बूट कुणीही लांब करून देऊ शकत नाही, तिथे पैसे घालवू नका.

पावलाला कमान यावी म्हणून विकतात ते उंचवट्याचे सोल स्वतःहून घेऊ नका. लहान मुलांची पावलं सपाटच दिसतात, कमान वाढत्या वयात तयार होते. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर काही करायला लागत नाही.

एवढं करूनही पट्टी बसत नसेल तर नवा बूट. मुलाला सोबत आणा, शाळेचा मोजा आणा, दोन्ही पायांत घालून चालायला लावा, जमलं तर पायरी उतरायला लावा. दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणाला तर तो जोड ठेवून द्या. मुलाचा बूट पहिल्या दिवसापासून बसला पाहिजे.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पुढचं काही दिसलं तर मी बूट विकत नाही, तुम्हीही बदलत बसू नका.

अनवाणी चालतानाही मूल लंगडतंय. रात्री पाय दुखून झोपेतून उठतंय. एकाच पायाला सूज आहे. फोडाभोवती लाली पसरतेय, पू आहे, ताप आहे. नख मांसात रुतून पिकलंय. तीन वर्षं उलटली तरी मूल बहुतेक वेळ चवड्यांवरच चालतं. सपाट पाऊल दुखतंय, किंवा चवड्यांवर उभं राहूनही कमान दिसत नाही. मुलाला मधुमेह असेल तर साधा फोडसुद्धा त्याच दिवशी दाखवा.

आठ ते चौदा वर्षांचं, मैदानावर खूप धावणारं मूल "टाच दुखते" म्हणत असेल आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळत असेल तर ते बहुधा टाचेच्या वाढीच्या भागाचं दुखणं असतं. विश्रांतीने आणि योग्य उपचाराने बरं होतं, पण निदान डॉक्टरांनीच करायचं.

आणि एक, जे कुणी सहसा बोलत नाही. मोठा फोड आहे, कातडी सोलली आहे आणि मूल म्हणतंय दुखत नाही, तर पायाला संवेदना आहे का ते तपासा. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचे औषधोपचार तिथे मोफत मिळतात, आणि लवकर सुरू केले तर पाय शाबूत राहतो. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञांकडे जा, गरज वाटली तर ते अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. जाताना मुलाचे जुने बूट न धुता, आहेत तसे पिशवीत घालून न्या. तळ कुठे झिजलाय यावरून मूल पाऊल कसं टाकतं ते डॉक्टरांना दिसतं.